ठासणीची बंदूक : परवाना कसा, सराव कुठे, सुरुवात कशी? (यावल-रावेर पट्टा)

सुकीकाठचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आमच्या घरी माजघरात खुंटीवर आबांची (आजोबा, वय ८१) ठासणीची बंदूक आहे. म्हणजे तोंडातून दारू-छर्रे गजाने ठासून भरायची. एकनळी, टोपीची (टोपीवर घोडा पडला की ठिणगी आत जाते, ती). परवाना पीकसंरक्षणाचा आहे, आबांच्या नावावर, पुढच्या वर्षी संपतोय. आबांना आता मळ्यातसुद्धा आधार देऊन न्यावं लागतं. बाबा म्हणतात, "जमा करून टाक, कटकट नको." काका म्हणतात, "घराण्याची वस्तू आहे." दोघंही बंदुकीला हात लावत नाहीत, हा भाग वेगळा.

मला शिकार करायची नाही. डुकरांचा प्रश्न आहे, पण केळीला झटका मशीन (विजेच्या तारेचं कुंपण) लावलं आहे. मला ही बंदूक नीट शिकायची आहे. गज ठासून, टोपी लावून, लक्ष्यावर नेम धरून मारायची. युरोपात यांच्या स्पर्धा होतात असं ऐकलं. तर प्रश्न असे:
परवाना माझ्या नावावर होईल का? काळी दारू (बंदुकीची) कुठून आणायची? आणि खानदेशात हे शिकवणारं कोणी आहे का?

दादरची_भाकर
शीर्षक न वाचता "दारू, परवाना, सुरुवात कशी" एवढंच वाचून आलो. निराश होऊन परत चाललो.

झटका_मशीन
माझ्या सदस्यनामाचा उल्लेख केल्याबद्दल आभारी आहे.

वकील_अमळनेरचा
उत्तर लांबेल, पण एकदाच लिहितो.

शस्त्र कायदा १९५९. कलम १३(३) मध्ये ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन लिहिलंय की खरोखर पीकसंरक्षणासाठी हवी असेल तर परवाना द्यावा. पुढची गंमत बघा. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे कायद्याच्या नजरेत शेतकऱ्याची पहिली बंदूक ठासणीचीच. अर्थात कलम १४ खाली नाकारताही येतो. नाकारला तर लेखी कारण मागा आणि अपील करा, नुसते हेलपाटे घालू नका.

तुमची केस सोपी आहे. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ बघा. परवानाधारक वारला तर वारसाला परवाना मिळू शकतोच, पण तो ७० वर्षांचा झाला असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल तर त्याच्या हयातीतही मिळू शकतो. आबा ८१ चे. आबांची संमती, वडील-काकांची ना-हरकत, तुमचा नमुना ए-१ मधला अर्ज. तुमचं वय २१ पूर्ण असावं. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. मग पोलीस चौकशी, मग जिल्हाधिकारी कार्यालय. परवान्यावर यूआयएन (एकमेव ओळख क्रमांक) आहे का तेही आज बघा. तो नसलेले जुने परवाने अवैध धरले जातात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका. आणि परवान्यावर हेतू लिहिलेला असतो. तिथे "पीकसंरक्षण" असेल तर लक्ष्यवेधाचा हेतू अर्जातच मांडा. "बंदूक माझी, कुठेही उडवीन" असं नसतं.

मीनाक्षी_धुळे
वकीलसाहेब, आमच्याकडे पणजोबांची तोड्याची (पेटत्या वातीने बार काढायची) बंदूक आहे. चापही नाही, दस्ता वाळवीने खाल्लाय. "पुरातन आहे, परवाना लागत नाही" असं सगळे सांगतात. खरं का?

वकील_अमळनेरचा
ताई, अर्धवट खरं, आणि हे अर्धवट खरंच माणसाला कोर्टात आणतं. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असेल तर. "दुरुस्त करूनही" हे दोन शब्द लोक गाळतात. नळी धड असेल तर लोहार दोन दिवसांत उभी करेल, आणि मग ती बंदूकच. विनापरवाना सापडली तर आता किमान २ वर्षं. घरात ठेवून अंदाज बांधत बसू नका, वकिलामार्फत पोलिसांना लेखी कळवा.

मीनाक्षी_धुळे
बाप रे. आम्ही दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहतो.

पांझराकाठ
आमना गावमा एक म्हतारा व्हता. तेन्हाकडे बंदूक व्हती, परवाना व्हता, दारू मातर नव्हती. डुकरेसले बी ते माहीत व्हतं.

दादरची_भाकर
पांझराकाठ +१०० 😂

तापीपूर
मला मूळ विषयावरच शंका आहे. आमच्या चोपडा भागात डोंगरापलीकडून गावठी कट्टे येतात, दर महिन्याला पेपरात फोटो. त्यात आणखी घरोघरी बंदुकीचा शौक कशाला? वरातीत कोणीतरी उडवतो, आणि नवरदेवाऐवजी मांडवातलं पोरगं दवाखान्यात जातं.

वकील_अमळनेरचा
तापीपूर, वरातीतल्या गोळीबाराला २०१९ पासून वेगळं कलम आहे. २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असला तरी. पण परवाना मागणाऱ्या आणि कट्टा बाळगणाऱ्या माणसाला एका तागडीत घालू नका.

तापीपूर
एका तागडीत नाही घालत. पण डुकरं मारायची म्हणूनच हे परवाने निघतात ना? धागाकर्ते "मला शिकार करायची नाही" म्हणतात, ते चांगलं आहे. बाकीचे?

केळीवाला_सावदा
तापीपूर भाऊ, कधी एका रात्रीत अर्धा एकर मका आडवा झालेला बघितलाय का? पहाटे पाणी द्यायला जावं आणि बांधावरून नुसती नांगरल्यासारखी जमीन दिसावी. भुईमुगाचं तर विचारूच नका, ओळीने उकरतात, मजूर लावल्यासारखे.

पण हेही सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), पिकाला उपद्रव आहे म्हणून मारायचं तर वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. ती नसताना मारलं तर शेतकरी आत. माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात त्या बंदुकीने एकही जनावर मारलं नाही. रात्री दोन वाजता आकाशाकडे एक बार काढायचा. आवाज पार सातपुड्याला आपटून परत यायचा. डुकरं आठ दिवस येत नसत. नवव्या दिवशी यायची.

झटका_मशीन
म्हणून म्हणतो, सौर कुंपण घ्या. (माझं दुकान नाही.)

केळीवाला_सावदा
घेतलंय. एकदा गवत तारेला लागलं आणि बॅटरी उतरली. त्याच रात्री आले. त्यांना कोण सांगतं देव जाणे.

अवांतर : आवाजासाठी पोरं पीव्हीसी पाइपात कार्बाइड घालून फोडतात, ते कोणी करू नका. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याने किती मुलांच्या डोळ्यांना इजा झाली ते सगळ्यांनी वाचलंय.

थाळनेर
विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. खानदेशात जेम्स औट्रमने १८२५ मध्ये भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) उभारली, मुख्य ठाणं धरणगाव. ज्यांच्या तिरकमठ्याला सरकार घाबरत होतं त्यांच्याच खांद्यावर सरकारने बंदूक दिली. आणि ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल नायक खाज्या नाईकांच्या लोकांनी इंग्रजी फौजेला तोंड दिलं. तेव्हाची लढाई ठासणीच्याच जमान्यातली. एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत माणूस उघडा. आपल्या भाषेत "बार भरणे", "फुसका बार", "रंजक" (बार पेटवायची चिमूटभर दारू) हे सगळं तिथूनच आलेलं.

पांझराकाठ
आणि "दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे"?

थाळनेर
ते धागाकर्त्यांच्या काकांना विचारा.

भुसावळ_लीड्स
मी मूळ भुसावळचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात. इथे ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करतो, म्हणून लिहितो. इथले नियम इथलेच, तिकडे लागू नाहीत.

इकडे सुरुवात क्लबपासून होते. आधी उमेदवार सभासद, किमान तीन महिने. त्यात स्वतःची बंदूक नाही, क्लबची. मग पोलिसांकडे प्रमाणपत्राचा अर्ज. गुळगुळीत नळीला एक प्रमाणपत्र, आतून आटे (पेचदार खाचा) असलेल्या नळीला दुसरं, जास्त कडक. आणि काळ्या दारूला स्फोटकांचं तिसरं! दारू ठेवायला लाकडी पेटी, आत खण, एका खणात ५५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मी पेटी स्वतः बनवली. बायको म्हणाली, मसाल्याचा डबा मोठा झाला.

जर्मनीत उलटं आहे. १८७१ च्या आधीच्या घडणीची एकबारी टोपीची बंदूक प्रौढ माणूस परवान्याशिवाय घेऊ शकतो, पण दारूसाठी कोर्स आणि परवानगी. म्हणजे बंदूक फुकट, भाकरी रेशनवर.

स्पर्धेबद्दल : एमएलएआयसी नावाची आंतरराष्ट्रीय समिती आहे, १९७१ पासून. बहुतेक प्रकारांत ३० मिनिटांत १३ बार, त्यातले चांगले १० धरतात. तीन माफ. हे तीन माफ मला फार आवडतात. तोड्याच्या बंदुकीचा वेगळा प्रकार आहे, ५० मीटरवर, नाव तानेगाशिमा. पोर्तुगिजांकडून १५४३ मध्ये बंदूक ज्या जपानी बेटावर पोचली त्याचं नाव.

माझी बंदूक १८५३ च्या एन्फिल्डची नक्कल आहे. हो, तीच, जिच्या काडतुसावरून १८५७ पेटलं. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा जरा विचित्र वाटलं. क्लबातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे ही माहीत आहे का?" म्हटलं, "थोडीफार."

नेमबाज_ताई
भुसावळ_लीड्स, मस्त! पण धागाकर्त्यांना इथलं सांगायला हवं. मी नाशिकला १० मीटर एअर रायफल खेळते.

स्पष्ट सांगते, आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे एअर, .२२ वगैरे आणि शॉटगन. ठासणी घेऊन रेंजवर गेलात तर लोक फोटो काढतील, पण लेन मिळेलच असं नाही. काळ्या दारूच्या ठिणग्या, धूर, सगळ्याच रेंजना ते चालत नाही. आधी फोन करून विचारा.

सुरुवात एअर रायफलने करा. ४.५ मिमी, २० ज्यूलच्या आतली असेल तर परवानाही लागत नाही. सहा महिने श्वास, नजर, चाप एवढंच. ज्याला चाप ओढायचा कळला नाही त्याला ठासणीत आणखी वाईट दिवस येतात, कारण तिथे घोडा पडतो आणि बार होतो यात जाणवण्याइतका वेळ जातो. त्या वेळात हात हलला की गेलं.

भुसावळ_लीड्स
ताईंना पूर्ण अनुमोदन. त्याला आम्ही "थांबायला शिकणं" म्हणतो. घोडा पडला, टोपी फुटली आणि बार नाही झाला, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर पुतळ्यासारखं उभं राहायचं. उशिरा पेटणारा बार असतो. नळीत डोकावणारे लोक पुस्तकात नसतात, खरे असतात.

आणखी एक. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. कधीच नाही. मापात घ्यायची, डबा बंद करायचा, मग माप नळीत. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर मापातली चिमूट भडकेल, हातातला डबा नाही. बिनधुराची आधुनिक पावडर तर चुकूनही नाही, नळी फाटते.

केळीवाला_सावदा
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या मोठ्या मामांनी नेमकं हेच केलं होतं. शिंगातून थेट. नशीब शिंगात शेवटचं चमचाभरच होतं. भुवया गेल्या, मिशी अर्धी गेली. पंधरा दिवसांनी मुलीचं लग्न होतं. सगळ्या फोटोंत मामा डावीकडून काढलेले आहेत.

दादरची_भाकर
मामांचा फोटो टाका ना 🙏

केळीवाला_सावदा
मामी परवानगी देणार नाहीत. तो परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही.

सुकीकाठचा
सगळ्यांचे खूप आभार! यूआयएन आहे, बघितला. काळ्या दारूचं काय? भुसावळ-वरणगावला एवढे आयुध कारखाने आणि आम्हाला चिमूटभर मिळेना?

वकील_अमळनेरचा
वरणगावच्या कारखान्यात फौजेची काडतुसं होतात, किराणा नाही. 🙂 दारू आणि टोप्या परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत, नोंद करून. दुकानदाराला शस्त्र परवाना दाखवावा लागतो. यूट्यूब बघून घरी बनवणं म्हणजे स्फोटक कायदा अंगावर घेणं. आतषबाजीची दारू काढून भरणं हा त्याहून मोठा मूर्खपणा.

मीनाक्षी_धुळे
कूर्गमध्ये म्हणे परवानाच लागत नाही?

वकील_अमळनेरचा
कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (पिढीजात) जमीनधारकांना सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. सध्याची २०२९ पर्यंत. सणाला बंदुकांची पूजा करतात आणि झाडावर नारळ बांधून नेम धरतात. तुमचं हळदकुंकू तिकडे चाललं असतं, ताई.

पांझराकाठ
आपलाकडे नारय म्हाग शे. केळीनं घड बांधा.

तापीपूर
माझा विरोध थोडा मवाळ झालाय हे नमूद करतो. पण निवडणूक आली की हीच बंदूक ठाण्यात जमा करायची, पावती सांभाळायची, परत आणायला चार चकरा. आमच्या भावकीत एकाने याच कंटाळ्याने कायमची जमा केली.

भुसावळ_लीड्स
सुकीकाठचा, एक राहिलं, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. जुनी ठासणी कायम भरलेली आहे असं धरूनच चालायचं. ती उघडून बघता येत नाही. टोपी काढलेली आहे ना, घोडा खाली आहे ना, ते आधी बघा. मग तोंड सुरक्षित दिशेला ठेवून गज हळूच आत सोडा, ठोकू नका. तोंडाशी गजावर बोटाने खूण करा, बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावा. टोक पार टोपी लावायच्या बुंध्यापर्यंत पोचायला हवं. अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे.

सुकीकाठचा
आबांनाच करायला सांगतो, त्यांचे हात अजून त्यात आहेत. रविवारी गावी जातोय.

*

सुकीकाठचा
मंडळी. गज चार बोटं अलीकडे थांबतो.

दादरची_भाकर
अरे देवा.

नेमबाज_ताई
हात लावू नका आता! खुंटीवरही नको. तोंड भिंतीकडे, मुलं त्या खोलीत नकोत. काढायचा प्रयत्न घरी करू नका.

तापीपूर
एक मिनिट. म्हणजे दर निवडणुकीला ठाण्यात जमा होत होती ती भरलेली??

सुकीकाठचा
हो. चिठ्ठी बांधून, बाकीच्यांबरोबर कोपऱ्यात उभी. आबांना विचारलं तर म्हणाले, "भरलेली असेल, डुकरं आली होती ना." कधी आली होती विचारलं तर म्हणाले, तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी. आत्याचा मुलगा यंदा इंजिनीअर झाला.

पांझराकाठ
डुकरे अजून वाट देखी राहिनात.

वकील_अमळनेरचा
ठाण्यात लेखी कळवा आणि परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडे न्या, आबांच्या परवान्यासह. स्वतः एकटे घेऊन फिरू नका, परवाना तुमच्या नावावर नाही अजून.

सुकीकाठचा
शेवटची बातमी, मग अर्जाचं पुढे कळवतो.

आबांना गाडीत पुढे बसवलं, परवाना त्यांच्या खिशात, बंदूक मागे. दुरुस्तीवाले काका सत्तरीचे असतील. त्यांनी टोपीच्या नळकांड्यातून थेंब थेंब तेल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं. मग गजाच्या टोकाला मळसूत्रासारखा पेच लावला आणि फिरवत फिरवत एकेक बाहेर काढलं. आधी कापडाचा बोळा, मग काळपट छर्रे, मग दुसरा बोळा, मग ओल्या काजळासारखा दारूचा गोळा. आबा स्टुलावर बसून सूचना देत होते, काका ऐकत नव्हते. नळी आतून खाल्लेली निघाली. काका म्हणाले, अजून धड आहे, पण तपासून घेतल्याशिवाय बार काढायचा नाही. मग गरम पाण्याने धुतली, पाणी पाच वेळा काळं आलं, सडक्या अंड्याचा वास दुकानभर.

ते बोळे मी पिशवीत घालून घरी आणले. आजीने एक हातात घेतला, तेलाने माखलेला, नखाने उलगडला. आत हिरव्या काठाचा तुकडा. आबांकडे बघून म्हणाली, "तरी म्हटलं माझं पातळ फाटलं कसं. मी मोलकरणीला बोलले होते."

आबा मळ्यात निघून गेले. आधाराशिवाय.